तळाच्या संघाने आधी कोणाला उचलावे?

प्रश्न : आम्ही फोंड्यातील चार मित्र अनेक वर्षे फातोर्ड्याला एकत्र सामने पाहायला जातो. आमच्यातल्या एकाचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत मिशिगनला असतो आणि तो तिथल्या डेट्रॉइट लायन्स या अमेरिकी फुटबॉल संघाचा निस्सीम चाहता झाला आहे. त्याच्यामुळे आम्हालाही त्या खेळाची, आणि खेळापेक्षा त्यातल्या ड्राफ्टची, गोडी लागली. आमचा वाद असा : रसातळाला गेलेल्या संघाने आपली पाळी आल्यावर उरलेल्यांपैकी सर्वांत गुणी खेळाडू उचलावा, की जी जागा कमकुवत आहे तिथला खेळाडू उचलावा? दोघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या. निवाडा आपण करावा.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : निवाडा देतो, पण ज्यांनी ही पद्धत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ आहेत. महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू दरवर्षी सात फेऱ्यांत वाटले जातात आणि गेल्या हंगामात जो संघ शेवटी राहिला त्याला पहिली पाळी मिळते. ही कल्पना 1935 साली बर्ट बेल यांनी मांडली. ते फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक होते आणि त्यांचा संघ सतत हरत असे, हे ओघाने आलेच. 1936 च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये त्यांनी सर्वांत पहिले नाव घेतले ते जे बर्वँगर या गाजलेल्या खेळाडूचे. पुढे ईगल्सने त्याचे हक्क शिकागोच्या संघाला दिले, पण बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पहिल्या पाळीची फजिती अशी पहिल्याच वर्षी सुरू झाली.

आपल्या मित्राच्या मुलाचा संघ या वादासाठी उत्तम उदाहरण आहे. 2008 च्या हंगामात लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले आणि 2009 मध्ये त्यांनी पहिल्या पाळीला मॅथ्यू स्टॅफर्ड हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, घेतला. निवड चुकली असे कोणी म्हणणार नाही, कारण खेळाडू खरोखरच मोठा होता. तरीही तो बारा हंगाम डेट्रॉइटमध्ये खेळला आणि त्या काळात संघाने बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही. 2021 मध्ये त्यांनी स्टॅफर्डला लॉस एंजेलिस रॅम्सकडे पाठवले आणि त्याच्या बदल्यात जॅरेड गॉफ हा क्वार्टरबॅक, पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या आणि तिसऱ्या फेरीची एक पाळी घेतली. रॅम्सने त्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, तर लायन्सने तीन सामने जिंकले, तेरा हरले आणि एक बरोबरीत सोडवला. त्या वर्षी डेट्रॉइटच्या चाहत्यांनी व्यवस्थापनाला काय काय म्हटले असेल, याची कल्पना फातोर्ड्याच्या गॅलरीत बसणाऱ्याला सहज करता येईल.

पण त्या पडत्या काळातल्या निवडी पाहा. 2021 मध्ये सातव्या क्रमांकावर त्यांनी पेनेई स्यूएल हा टॅकल घेतला. टॅकलचे काम प्रतिस्पर्ध्यांना अडवून क्वार्टरबॅकचे रक्षण करण्याचे, चेंडू त्याच्या हाती क्वचितच येतो. अशा खेळाडूच्या नावाने स्टेडियम दुमदुमत नाही. त्याच ड्राफ्टमध्ये, चौथ्या फेरीत, 112 वा खेळाडू म्हणून आमोन-रा सेंट ब्राउन त्यांच्या हाती लागला आणि तो पुढे त्यांच्या आक्रमणाचा मुख्य आधार झाला. 2023 मध्ये त्यांच्याकडे सहावी पाळी होती, जी स्टॅफर्डच्या व्यवहारातूनच आली होती. ती त्यांनी अॅरिझोनाला देऊन बारावी आणि चौतिसावी पाळी घेतली. जाताना एक मागची पाळी द्यावी लागली आणि एक मिळाली, तो तपशील सोडून देऊ. बाराव्या पाळीला त्यांनी जमिर गिब्ज हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) घेतला आणि अठराव्या पाळीला जॅक कॅम्पबेल हा लाइनबॅकर (बचावातला खेळाडू) घेतला. या जागांसाठी पहिल्या फेरीच्या पाळ्या खर्च करणे म्हणजे उधळपट्टी, अशी टीका जाणकारांनी केली. चौतिसाव्या पाळीला सॅम लापोर्टा आला. जानेवारी 2024 मध्ये लायन्सने 32 वर्षांनी बाद फेरीतला सामना जिंकला आणि ते सुपर बोलच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले.

म्हणून माझा कौल गुणवत्तेच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्या दोन मित्रांना आहे. मात्र त्यांचे कारण बहुधा माझ्याहून वेगळे असेल. ते म्हणत असतील की गुणी खेळाडू संघाचे नशीब पालटतो. मी म्हणतो की गुणी कोण हे ड्राफ्टच्या दिवशी कोणालाच नीट ठाऊक नसते, म्हणून एका निवडीवर सगळे पणाला लावू नये आणि जितक्या पाळ्या गोळा करता येतील तितक्या कराव्यात. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच थेलर ज्यांना 2017 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) यांनी एनएफएलच्या निवडींचा अभ्यास केला. एकाच जागी खेळणारे, एकामागोमाग निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला खेळाडू नंतरच्यापेक्षा सरस ठरण्याचे प्रमाण त्यांना जेमतेम 52 टक्के आढळले. नाणे उडवले तर 50 टक्के असते. असे असूनही वरच्या पाळीसाठी संघ अव्वाच्या सव्वा किंमत मोजतात, कारण आपण पारखी आहोत असे प्रत्येकाला वाटते. तळाच्या संघाकडे विकण्यासारखी सर्वांत महाग वस्तू ही पहिली पाळीच असते.

‘गरज’ हा शब्दही फसवा आहे. ड्राफ्टच्या दिवशीची गरज हंगामाच्या मध्यावर उरलेली नसते. कोणाचा गुडघा दुखावतो, कोणी अनपेक्षितपणे चमकतो. शिवाय गरज भागवायला दर वेळी नवा माणूस लागतोच असे नाही. एफसी गोवाचा मंदार राव देसाई डाव्या बाजूने धावणारा विंगर म्हणून आपण ओळखत होतो, पण प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला मागे नेऊन लेफ्ट बॅक केले आणि ती जागा भरली. अपवाद फक्त एका जागेचा करीन : जिथे एका वेळी एकच खेळाडू उभा राहतो आणि तो नसेल तर बाकीच्यांचे श्रम वाया जातात ती जागा. त्यांच्या खेळात क्वार्टरबॅक, आपल्या खेळात गोलरक्षक. ती जागा रिकामी असेल, तर आपले उरलेले दोन मित्र बरोबर आहेत.

प्रश्न : 2016 मध्ये आपला गोव्याचा संघ, एफसी गोवा, आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत) तळाला गेला आणि पुढच्याच हंगामात ड्राफ्टनंतर सावरला. मग ती पद्धत बंद का व्हावी? पुन्हा ड्राफ्ट आला तर पडत्या काळात आपल्या संघाचा फायदा होणार नाही का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : संघ सावरला हे खरे, पण ड्राफ्टमुळे सावरला हे मला मान्य नाही. 2015 मध्ये फातोर्ड्यावरच चेन्नईयिनविरुद्धचा अंतिम सामना 2-3 असा हातातून निसटला आणि 2016 मध्ये झिको यांच्याच मार्गदर्शनाखालचा संघ आठांत आठवा आला. त्यानंतर 23 जुलै 2017 रोजी मुंबईत भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. तो अमेरिकेसारखा नव्हता. प्रत्येक खेळाडूची रक्कम आधीच ठरलेली होती आणि पहिली पाळी तळाच्या संघाला नव्हे, नव्याने आलेल्या जमशेदपूरला मिळाली. त्यांनी अनस एडातोडिका हा बचावपटू घेतला, ज्याची रक्कम एक कोटी दहा लाख रुपये होती. हंगाम संपला तेव्हा जमशेदपूर पाचवा होता, म्हणजे बाद फेरीपासून एक पायरी दूर. त्यांचा बचाव भक्कम होता, गोल मात्र थोडे झाले. गोवा तिसरा आला.

गोव्याचे त्या हंगामाच्या साखळीतले 42 गोल आठवा. त्यांतले 18 एकट्या फेरान कोरोमिनासचे होते, आणि कोरो ड्राफ्टमधून आला नव्हता. परदेशी खेळाडूंशी थेट करार होत असत. लोबेरा यांची निवडही व्यवस्थापनाचीच. आधी प्रशिक्षक, मग त्याचा खेळ आणि मग त्या खेळाला साजेसे खेळाडू, हा क्रम तेव्हा पाळला गेला. ड्राफ्टने जे दिले ते निराळे आणि माझ्या मते अधिक टिकाऊ होते : ब्रँडन फर्नांडिस आणि सेरिटन फर्नांडिस हे दोन्ही गोंयकार त्याच दिवशी संघात आले. ब्रँडन पुढे कर्णधारही झाला. या मुलांना इथल्या मैदानांवर खेळताना पाहिलेली माणसे जवळ असणे हा संघाचा खरा लाभ होता, आणि तो लाभ घ्यायला ड्राफ्टच लागतो असे नाही. 2018 पासून संघ भारतीय खेळाडूंशी थेट करार करू लागले, त्यात खेळाडूला स्वतःचा क्लब निवडण्याची मोकळीक मिळाली. सालसेतच्या एखाद्या पोराला चिठ्ठीच्या क्रमाने गुवाहाटीला जावे लागू नये, असे मला गोव्याचा माणूस म्हणून वाटते. यात थोडा पक्षपात आहे, हे कबूल करतो.

प्रश्न : हरणाऱ्याला बक्षीस देणारी पद्धत न्याय्य कशी? मग संघ मुद्दाम हरणार नाहीत का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : खेळाडू मुद्दाम हरत नाहीत, कारण पुढच्या वर्षी येणारा नवा खेळाडू त्यांचीच जागा घेणार असतो. व्यवस्थापन मात्र चांगले खेळाडू विकून हरण्याची सोय करू शकते. याच भीतीने अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने, एनबीएने, 1985 मध्ये पाळीचा क्रम ठरवण्यासाठी सोडत आणली. एनएफएलने अद्याप तसे केलेले नाही. शेवटच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलणाऱ्या युरोपातील लीगमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही.

प्रश्न : आमच्या भागात सहा वाड्यांचे संघ मिळून हंगामी स्पर्धा घेतात आणि खेळाडू आळीपाळीने निवडतात. गेल्या वर्षी आम्ही शेवटचे आलो, त्यामुळे यंदा पहिली पाळी आमची. एक नावाजलेला आघाडीपटू आहे आणि एक चांगला गोलरक्षक आहे. कोणाला घ्यावे?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आधी आयोजकांना विचारा की दुसऱ्या फेरीत क्रम उलटा फिरतो का. फिरत असेल, तर पहिल्या निवडीनंतर आपली पाळी थेट बारावी आणि लगेच तेरावी येईल, म्हणजे मधले दहा खेळाडू दुसऱ्यांनी नेलेले असतील. त्या दहांत किती गोलरक्षक जातील, याचा अंदाज घ्या. भागात चांगला गोलरक्षक एकच असेल, तर त्यालाच घ्या. तीन-चार असतील, तर आघाडीपटू घ्या आणि गोलरक्षक बाराव्या पाळीला मिळेल. क्रम उलटा फिरत नसेल, तर आपली दुसरी पाळी सातवी येईल आणि निर्णय पुष्कळ सोपा होईल.

आणखी एक चौकशी आपल्याकडे अवश्य करावी लागते. तो नावाजलेला आघाडीपटू तारवटी आहे का, आणि असल्यास त्याला जहाजावर कधी रुजू व्हायचे आहे? उपांत्य सामन्याच्या दिवशी तो भूमध्य समुद्रात असणार असेल, तर पहिली पाळी खर्च करून आपण फक्त त्याचे नाव यादीत लिहिलेले असेल.