वर्गसभेवरचा लेख परत आला? पंख्याखालच्या जागांपासून सुरू करा

मॅडम, नमस्कार. मासिकाकडून परत आलेला लेख कसा सुधारायचा, असं तुम्ही विचारलंत. लेख पूर्ण वाचला. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा, सातवीचा वर्ग, पट 41, दर शनिवारी वर्गसभा; आणि संपादकांचा शेरा, 'उपक्रमाचा अहवाल झाला आहे, वर्ग दिसत नाही.' शेरा बरोबर आहे, पण लेख टाकून देऊ नका. तिसऱ्या पानावर तुम्ही एक वाक्य लिहून पुढे गेलात: 'पंख्याखालच्या जागांचा प्रश्न मुलांनी लोकशाही मार्गाने सोडवला.' तोच तुमचा लेख. मुलांचं मंत्रिमंडळ, शपथविधी, संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन हे दोन ओळींत उरका, ते निम्म्या शाळांत होतं.

प्रश्न कसा सुटला हे तुम्ही इथे विचारताना सांगितलंत, लेखात मात्र ते नाही. सोलापूरचा मार्च, दोन पंखे, त्यांच्याखाली जेमतेम 12 जागा. हात वर करून मतदान झालं आणि 'जो आधी येईल तो बसेल' हा नियम 26 विरुद्ध 15 मतांनी ठरला. पंधरा दिवसांत लक्षात आलं की जागा रोज त्याच पोरांना मिळते. घरचं पाणी भरून, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून येणाऱ्या मुली कायम भिंतीकडे. मग पुन्हा सभा झाली आणि आठवड्याची फेरपालट ठरली.

इथे घाई करू नका. बहुमताने ठरलेला नियम अन्यायाचा निघाला, आणि तो वर्गानेच दुरुस्त केला. ते 15 हात कोणाचे होते? विषय पुन्हा कोणी काढला, एखाद्या मुलीने की तुम्ही? तुम्हीच काढला असेल तर तसं स्पष्ट लिहा. हात वर करून मत घेतलं की मुलं आधी दोस्ताचा हात बघतात, मग आपला वर करतात. दुसऱ्या वेळी चिठ्ठ्या टाकून मत घेतलं असेल तर आकडे शेजारी शेजारी द्या, फरक वाचकाला आपोआप दिसेल.

'सर्व मुले उत्साहाने सहभागी झाली' हे वाक्य काढा. तुमच्याकडे त्याचा पुरावा नाही, आणि गणितही जमत नाही. 35 मिनिटांची तासिका. मागच्या निर्णयाचा आढावा नि विषयांच्या चिठ्ठ्या वाचण्यात दहा मिनिटं गेली, तर 25 उरतात. एका मुलाला एक मिनिट धरलं तरी 16 जण गप्पच राहणार. म्हणून पुढच्या तीन सभांत एवढंच करा: वर्गाचा बैठक-नकाशा कागदावर काढा आणि जो बोलेल त्याच्या चौकोनात एक रेघ. स्वतःसाठीही एक चौकोन ठेवा. बहुतेक वेळा सगळ्यात जास्त रेघा बाईंच्याच निघतात, आणि ते छापायला लाजू नये. रेघा ओढायचं काम मुलांना आलटून पालटून द्या, म्हणजे तुम्ही ऐकायला मोकळ्या. दोन सभांनंतर एक बदल करून बघा: चर्चेआधी तीन मिनिटं शेजाऱ्याशी बोलणं, किंवा तुम्ही मागच्या बाकावर बसणं. मग तिसऱ्या सभेचा नकाशा आधीच्यांशी ताडून पाहा. तीन सभांवरून सिद्ध काहीच होत नाही, हेही लेखात लिहा.

सभेची नोंद त्याच दिवशी, शाळा सोडण्याआधी. विषय कोणी मांडला, काय ठरलं, विरोध कोणाचा, आणि मुलांची दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी. सोमवारी लिहिलेलं वाक्य मुलाचं राहत नाही, ते तुमच्या प्रमाणभाषेत येतं. तुमच्या वर्गात तर घरी तेलुगू, कन्नड बोलणारी मुलं आहेत. कोणी भांडताना 'नाकु वद्दु' म्हणालं असेल तर तेच छापा, पुढे 'मला नको' एवढा अर्थ. कोणत्या भाषेत बोलल्यावर इतरांनी ऐकून घेतलं आणि कोणत्या भाषेत बोलल्यावर हसले, यावर लेखाचा एक परिच्छेद सहज होईल.

आता पाचव्या पानाबद्दल. 'उशिरा येणाऱ्यास मुलांनीच 25 उठाबशांची शिक्षा ठरवली' हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षेला मनाई करतं. ती सभेने ठरवली म्हणून चालत नाही. वर्गात मोठं माणूस तुम्हीच. आधी ती पद्धत थांबवा, मग ती का सुरू झाली आणि कशी थांबवली हे लिहा. लपवलंत तर लेख खोटा होईल, तसंच ठेवलंत तर संपादक छापणार नाहीत. आणि उशिरा येणारं कोण? पुन्हा त्याच पाणी भरणाऱ्या मुली. दोन्ही प्रसंग एकमेकांना जोडलेले आहेत.

तत्त्वज्ञान थोडंच ठेवा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईपासून सुरू होणारा पहिला परिच्छेद पूर्ण काढा. एकच आधार घ्यायचा तर संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं कलम 12 घ्या. भारताने तो करार 1992 मध्ये स्वीकारला. मुलाशी संबंधित बाबीत त्याचं मत ऐकावं आणि वय, समज बघून त्याला वजन द्यावं, असं ते कलम सांगतं. वजन द्यायचं म्हणजे अंतिम निर्णय द्यायचा असं नाही, आणि तुमच्या लेखात नेमकी हीच गल्लत झाली आहे. वेळापत्रक, परीक्षा सभेच्या हातात नव्हत्या. मुलांनी ठरवायचं आणि ऑफिसने फिरवायचं असं दोनदा झालं की तिसऱ्या सभेत कोणी तोंड उघडत नाही. म्हणून कशावर मुलं ठरवतील, कशावर फक्त मत देतील, ही यादी वर्गात आधीच लावायची, आणि लेखातही द्यायची.

लांबी 1500 ते 1800 शब्द, त्यातले निम्मे पंख्यावर. 'जीवन शिक्षण', 'शिक्षण संक्रमण' या मासिकांचे वाचक मुख्यतः शिक्षक, तर 'पालकनीती' पालकही वाचतात. जिथे पाठवणार त्याचे मागचे तीन अंक चाळा आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. मुलांची नावं बदला, पण नुसतं नाव बदलून भागत नाही. 'बाजारातल्या चहावाल्याची मुलगी' लिहिलं की अख्ख्या गल्लीला कळतं. फोटो द्यायचा तर पालकांची लेखी संमती हवी, नाहीतर चेहऱ्यांऐवजी तो बैठक-नकाशाच छापायला द्या. पाठवण्याआधी पंख्याचा भाग वर्गात वाचून दाखवा. 'बाई, असं नव्हतं झालं' म्हणून कोणी उठलं, तर ते वाक्यही लेखात घ्या.