रंगांशी खेळताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून अलीकडे ॲक्रिलिक रंगांत अमूर्त चित्रे रंगवू लागले आहे. पॅलेटवर रंग सुंदर दिसतात, पण कॅनव्हासवर मोकळेपणाने खेळायला लागले की थोड्याच वेळात सगळ्याचा तपकिरी चिखल होतो. माझ्याकडचा बारा रंगांचा संच अपुरा पडतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अपुरा कसला, एका चित्रासाठी तो जास्तच आहे. लाल, पिवळा आणि निळा हे तिन्ही रंग एकाच ओल्या जागी आले की प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा आपापला वाटा शोषून घेते आणि डोळ्यांपर्यंत फारसे काही पोहोचत नाही. चिखल म्हणतो तो हाच. नारिंगी-निळा किंवा लाल-हिरवा अशा विरोधी जोड्यांचेही तेच होते, कारण अशा प्रत्येक जोडीत ते तिघे लपलेले असतातच. म्हणून खेळ आवरता घेऊ नका, खेळगडी कमी करा : दोन रंग आणि पांढरा एवढ्यावर एक संपूर्ण कागद रंगवून पाहा.

सुरुवात निळ्यापासून करावी, असे मी सुचवेन. अल्ट्रामरीन या निळ्यात तांबूस झाक असते, तर थॅलो ब्लूमध्ये हिरवट. त्यामुळे लेमन यलोत थॅलो मिसळला तर पोपटी, लख्ख हिरवा मिळतो आणि अल्ट्रामरीन मिसळला तर जरा दबलेला, शेवाळी हिरवा मिळतो. मात्र थॅलो इतका जोरकस असतो की पिवळ्याच्या मोठ्या गोळ्यालाही त्याचा टिपूस पुरतो. म्हणून नेहमी पिवळ्यात निळा घालावा, निळ्यात पिवळा घालू नये. दर्जेदार रंगांच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा संकेतांक छापलेला असतो. पीबी १५ म्हणजे थॅलो आणि पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, हे ठाऊक असले की वेष्टनावरच्या आकर्षक नावांना भुलायला होत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे मिश्रण मुद्दाम करून पाहा; त्यातून निघणारा खोल राखाडी पाहिल्यावर काळ्या ट्यूबची फारशी आठवण येणार नाही.

खेळाची दुसरी बाजू म्हणजे वाळण्याची. ॲक्रिलिकमधले पाणी उडून गेले की रंगाचा प्लास्टिकसारखा पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जलरंगात न मिळणारी ही सवलत आपण वापरत नाही, असे आपल्या पत्रावरून वाटते. पिवळा थर पूर्ण वाळू द्या (कोकणात पावसाळ्यात जरा जास्त धीर धरावा लागतो) आणि त्यावर मीडियममध्ये (रंगद्रव्य नसलेल्या ॲक्रिलिकच्या माध्यमात) पातळ केलेला पारदर्शक किरमिजी फिरवा : खालचा पिवळा ढवळला न जाता वरून झिरपणाऱ्या उजेडाने नारिंगी उजळतो. हाच नारिंगी पॅलेटवर कालवून लावला, तर त्याला अशी खोली येत नाही. रंग फार पातळ करायचा असेल, तेव्हा नुसते पाणी ओतू नये, मीडियम वापरावे. पाणी अती झाले की रंगद्रव्याला धरून ठेवणारा बंध कमजोर पडतो.

ब्रशचाही हट्ट धरू नये. नागपुरात १९२४ साली जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे तैलरंगांत काम करत, पण रोलर आणि पॅलेट नाईफ (रंग लावायची बोथट सुरी) यांनी थर चढवण्या-उतरवण्याची त्यांची रीत आपल्यालाही उपयोगी पडेल. बाद झालेल्या बँक कार्डाची कड ओल्या रंगावरून ओढली की खालचा वाळलेला थर पट्ट्यापट्ट्यांनी डोकावतो, आणि कोणता रंग कुठे उघडा ठेवायचा, हा निर्णय हाताला आपसूक सुचू लागतो.

प्रश्न : ओला असताना मनाजोगता वाटलेला रंग वाळल्यावर गडद का होतो? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : ॲक्रिलिकचे माध्यम ओले असताना दुधाळ असते, त्यामुळे रंग फिकट भासतो, वाळताना ते पारदर्शक होते आणि रंगद्रव्याची खरी छटा दिसते. मिश्रणाचा एक फटकारा त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून मगच ते चित्रात वापरावे. उरलेले मिश्रण झाकणाच्या डबीत ठेवावे, कारण वाळलेल्या थरावर तंतोतंत तीच छटा नव्याने जुळवणे जाणकारांनाही जड जाते.