गुडघ्याची तारीख

प्रश्न : मुलगा सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेचा अभ्यास करतो. हा चौथा प्रयत्न. तो व्हॉट्सअ‍ॅपवर दिसला की वाटतं वेळ घालवतोय, नाही दिसला की वाटतं आजारी पडला. परीक्षेच्या बातम्यांचं टेलिग्राम चॅनेल मी त्याच्या आधी बघते. सगळे म्हणतात, देवावर सोड. रात्री सोडते, सकाळी पुन्हा तेच. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशनही परीक्षेमुळे राहिलंय, ते निकालानंतर बघू. मन शांत कसं करू? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, गुडघ्याचं काय म्हणालात?

तुमचं पत्र चार पानी आहे आणि गुडघ्याला त्यात दोन ओळी मिळाल्यात. डॉक्टरांनी दिवाळीआधी करू म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, 28 सप्टेंबर 2025 ची पूर्व परीक्षा होऊ दे. अतिवृष्टीमुळे ती परीक्षा 9 नोव्हेंबरला गेली आणि तिच्यामागे तुमचा गुडघाही गेला. आता मुख्य परीक्षा, मग मुलाखत, मग निकाल. निकालावरही भागत नाही. 2019 च्या परीक्षेतून निवडलेली 413 मुलं यादीत नाव येऊनही नियुक्तीसाठी ताटकळली होती. त्यानंतरच्या तारखांचं तर विचारूच नका. 14 मार्च 2021 ची पूर्व तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पोरं रस्त्यावर उतरली. 25 ऑगस्ट 2024 ची 1 डिसेंबरला झाली. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, म्हणजे जुन्या प्रयत्नांतला सरावही पुरता कामी येईल असं नाही. यातलं काय तुमच्या हातात आहे? आणि अशा वेळापत्रकाला तुम्ही स्वतःचा पाय बांधून ठेवलात!

मला तुमचा राग येतोय, आणि काळजी वाटते म्हणूनच येतोय. ‘देवावर सोड’ म्हणणाऱ्यांचं मी तुम्हाला सांगणार नाही. मनाला सोड म्हटलं की ते जास्तच घट्ट धरतं, हे तुम्ही रोज सकाळी अनुभवताय. ते तूर्त राहू द्या. गुडघा मात्र सोमवारी सोडवता येईल.

तुम्हाला हा त्याग वाटतो. मुलाच्या खोलीतून बघा. फोनवर तुम्ही म्हणता, ‘तुझं होऊ दे रे, मग माझं बघू.’ फोन ठेवून तो पुस्तक उघडतो, तेव्हा आई लंगडतेय ती माझ्यामुळे, हे त्याच्या डोक्यात असतं. मुख्य परीक्षेत नापास झाला तर आणखी वर्षभर लंगडणार, हेही. एवढं ओझं घेऊन कुणी पेपर लिहू नये. तुम्ही त्याला ते प्रेमानेच दिलंय, यात मला शंका नाही. पण दिलंय.

पैसे बाजूला ठेवलेत, जाऊबाई महिनाभर यायला तयार आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. मग सोमवारी दवाखान्यात जा आणि पहिली मोकळी असेल ती तारीख घ्या. मुख्य परीक्षा कधी आहे हे बघू नका. मुलाला आधी विचारू नका. तारीख ठरली की कळवा. तो ‘थांब, माझा पेपर होऊ दे’ म्हणाला तरी बदलू नका. दुखरा पाय वापरात नसला की मांडीचे स्नायू रोडावतात, आणि नंतर उभं राहणं तेवढंच जड जातं. तुमचा गुडघा लोकसेवा आयोगाच्या परिपत्रकाची वाट बघत नाहीये.

हल्ली बहुधा दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन चालवतात. पुढे दीड-दोन महिने व्यायाम, आणि तो रडवतो. त्या दिवसांत मुलगा ऑनलाइन आहे का हे बघायला तुम्हाला सवड कमीच मिळेल.

पलंग खालच्या खोलीत हलवून घ्या. संडासात धरायला दांडी बसवायची, ती ऑपरेशनच्या आधी बसवा. आणि जाऊबाईंना आजच फोन करा, त्यांना गाडीचं रिझर्व्हेशन करावं लागेल.