'स्पीच इंटेलिजिबिलिटी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: श्रवणयंत्रांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतो आहे. त्यात 'स्पीच इंटेलिजिबिलिटी'ला 'वाक्सुबोधता' चालेल का? जोडीला 'प्रेडिक्शन' आणि 'एफिशियंट न्यूरल नेटवर्क'ही आहेत.

'वाक्सुबोधता' टाळा. सुबोध म्हणजे अर्थ कळायला सोपं, आणि इथे अर्थ मोजलाच जात नाही. 'स्पष्टता'ही नको, तो बोलणाऱ्याचा गुण झाला. आकाशवाणीच्या निवेदकाइतकं स्वच्छ बोललं तरी कमी ऐकू येणारी आजी म्हणतेच, "आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत." तिची तक्रार अगदी नेमकी आहे. वयोमानाने बहुधा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, 'स', 'त' यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी वरच्या. म्हणून 'साप' आणि 'ताप' यांतला 'आ' पोचतो, पण साप की ताप ते कळत नाही.

मोजतात ते हेच. गोंगाटात एक वाक्य ऐकवायचं, ऐकणाऱ्याने ते परत म्हणायचं, आणि बरोबर आलेल्या शब्दांची टक्केवारी काढायची. दहापैकी सहा बरोबर, तर 60 टक्के. मी 'शब्दग्रहण' म्हणेन, आकडा असेल तिथे 'शब्दग्रहणाचं प्रमाण'.

'प्रेडिक्शन'ला 'अंदाज' पुरे. 'भाकीत' म्हटलं की पंचांग आठवतं. ब्रिटनमधल्या 'क्लॅरिटी' प्रकल्पाने 2022 आणि 2023 मध्ये याच अंदाजाच्या स्पर्धा घेतल्या. श्रवणयंत्रातून निघालेला आवाज आणि ऐकणाऱ्याचा ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचं किती कमी ऐकू येतं, त्याचा आलेख) संगणकाला द्यायचा. तो माणूस किती टक्के शब्द पकडेल ते संगणकाने सांगायचं. दर वेळी माणसं बसवून चाचणी घेणं वेळखाऊ आणि महाग, म्हणून हा खटाटोप. 'हॅस्पी'सारख्या आधीच्या मोजमापांना तुलनेसाठी गोंगाटाविना मूळ ध्वनिमुद्रण लागतं. प्रत्यक्ष हॉटेलात ते कुठून आणणार?

'एफिशियंट'ला शब्दकोशातला 'कार्यक्षम' इथे फसवा आहे. एखाद्या कारकुनाचा गोपनीय अहवाल वाचल्यासारखं वाटतं. मुद्दा कमी गणितात काम भागवण्याचा आहे. बोललेले शब्द ओळखणाऱ्या 'व्हिस्पर' या न्यूरल नेटवर्कच्या (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेच्या) मोठ्या आवृत्तीत दीडशे कोटींहून जास्त पॅरामीटर, म्हणजे शिकताना ठरलेले आकडे, आहेत, आणि कानामागच्या यंत्राची बॅटरी शर्टाच्या बटणाएवढी. 'आटोपशीर न्यूरल नेटवर्क' लिहा. 'न्यूरल नेटवर्क' तसंच राहू द्या, 'चेताजाल' वाचून कोणालाच बोध होणार नाही.

'हिअरिंग-इम्पेअर्ड'ला सरसकट 'कर्णबधिर' लिहू नका. श्रवणयंत्र लावणाऱ्या बहुतेकांना थोडंफार ऐकू येतं. त्यांना 'कमी ऐकू येणारे' म्हणा.