बँकेची परीक्षा की बी.पी.एड.?

प्रश्न : ताई, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आंतरमहाविद्यालयीन टेनिस तीन वर्षं खेळले (विद्यापीठाच्या संघातही एकदा होते). मला कॉलेजातच टेनिस कोच व्हायचंय. बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे, टेनिस संध्याकाळी खेळ. मैत्रीण म्हणते, अमेरिकेत कॉलेज कोचला मोठा मान असतो, तिकडेच जा. मी काय करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : विद्यापीठाच्या संघात खेळल्याचं तू कंसात लिहिलंयस. ते आधी कंसातून बाहेर काढ आणि प्रमाणपत्र जपून ठेव. पुढे त्याची गरज लागणार आहे.

आपल्याकडे कॉलेजात नुसत्या टेनिस कोचची कायम जागा जवळजवळ नसतेच. कायम जागा असते ती शारीरिक शिक्षण संचालकाची. त्या माणसाला क्रिकेटचा संघही निवडावा लागतो, कॅरमचाही, आणि वार्षिक क्रीडादिनाला चुन्याच्या रेषाही त्याच्याच देखरेखीखाली पडतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांप्रमाणे त्यासाठी शारीरिक शिक्षणात 55 टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा (पीएच.डी. असली तर त्यातून सूट मिळू शकते), स्पर्धांत प्रतिनिधित्व केल्याचा पुरावा आणि शारीरिक चाचणी, एवढं लागतं. तिशीच्या आतल्या बाईने आठ मिनिटांत 1000 मीटर अंतर कापायचं असतं. तू ते सहज कापशील. तुझ्यासाठी याचा अर्थ दोन वर्षं बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदवी), मग दोन वर्षं एम.पी.एड. (त्यातलीच पदव्युत्तर पदवी).

दुसरी वाट एन.आय.एस.ची, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेची. पतियाळाची ही संस्था 1961 पासून देशाला कोच देते आहे. तिथला डिप्लोमा वर्षभराचा असतो. सहा आठवड्यांचा छोटा कोर्सही आहे. याशिवाय आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे पायरीपायरीचे (लेव्हलचे) कोर्स असतात. या कागदांवर क्लब, शाळा, सरकारी प्रशिक्षण केंद्रं इथे काम मिळतं. कॉलेज मात्र तुला करारावर किंवा तासावर बोलावतं.

मी या दुसऱ्या वाटेने गेले. दक्षिण गोव्यातल्या एका कॉलेजात नऊ वर्षं करारावर होते. दर जूनला नवा कागद यायचा. दहाव्या वर्षी तो आलाच नाही, कोणी कारणही सांगितलं नाही. मुलींची स्पर्धा गणेशचवथीनंतर होती. मग कॉलेजच्या बाहेर, एका ओळखीच्यांच्या आवारातल्या चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंतीवर मी त्यांचा सराव घेतला. त्या मुली आजही भेटतात, पण त्या वर्षी घरभाडं भावाने भरलं. एम.पी.एड. असतं तर मी कायम जागेसाठी अर्ज करू शकले असते. म्हणून तुला स्पष्ट सांगते: आधी बी.पी.एड., एम.पी.एड., आणि कोचिंगचे कोर्स सुट्ट्यांत. बाबांची काळजी खोटी नाही. त्यांना 'आवड' हा शब्द सांगू नकोस, वरच्या अटी कागदावर लिहून दाखव. आणखी एक गोष्ट सांग: मुलींच्या संघाबरोबर बाहेरगावी जायला बाई लागते, आणि खेळ कळणारी बाई शोधताना कॉलेजांची धावपळ होते. मी ती दरवर्षी पाहिली आहे.

अमेरिकेचं थोडक्यात सांगते. आपला टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना 2007 आणि 2008 साली तिथला आंतरमहाविद्यालयीन एकेरी विजेता झाला. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत कोच हा खरोखरच पूर्णवेळ पेशा आहे. पण हेड कोचचा बराच वेळ नवे खेळाडू शोधण्यात, शिष्यवृत्त्या आणि प्रवासाच्या हिशेबात जातो. त्या पायरीवर पोचणारे बहुतेक जण आधी तिथेच खेळलेले असतात, मग सहायक होतात. तिकडे पदव्युत्तर शिक्षणासाठी जायचंच असेल, तर सहायकाचं काम पक्कं झाल्यावरच जा. त्या आशेवर कर्ज काढू नकोस.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कॉलेजात येणाऱ्या मुलीची ग्रिप, म्हणजे रॅकेट धरायची पद्धत, ठरून गेलेली असते. स्पर्धेला तीन आठवडे असताना ती बदलायला गेलीस, तर तिची जुनी सर्व्हिसही जाईल. तेव्हा तिची दुसरी सर्व्हिस (पहिली चुकल्यावर मिळते ती) आणि दुहेरीत जाळ्याजवळ उभं राहणं, एवढंच सुधारायचं. काय बदलायचं नाही हे मला लहान मुलांना शिकवताना कळलं. त्यांचा लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे 75 टक्के संथ असतो, कोर्टही 11 मीटरचं. त्या संथपणात आठ वर्षांच्या पोराची चूक डोळ्यांसमोर उलगडत जाते: चेंडू चुकतो रॅकेटवर, पण बिघडलेलं असतं दोन पावलं आधी. मग मोठ्यांच्या खेळातही माझी नजर आपोआप पायांकडे जाऊ लागली.

तेव्हा एप्रिल-मेच्या सुट्टीत जवळच्या क्लबातल्या कोचकडे जा आणि छोट्यांच्या बॅचला टोपलीतून चेंडू टाकायचं काम माग. पैसे मिळाले नाहीत तरी चालेल. जूनमध्ये मातीची कोर्टं बंद होतील, तोवर सहा-सात आठवडे मिळतील. मग मला पुन्हा पत्र लिही. त्यात तुझ्या खेळाविषयी नको, एकेका मुलाविषयी लिही: कोण चेंडू येण्याआधी हलतं, कोण आल्यावर, आणि तू त्याला काय सांगितलंस.