वाचक विचारतात : बेताच्या किमतीचा मॉनिटर कसा निवडावा?

प्रश्न : मी घरून भाषांतराचे आणि मुद्रितशोधनाचे काम करते. गेली चार वर्षे पंधरा इंची लॅपटॉपवर भागवले. पण दिवसाचे आठ-नऊ तास मान खाली घालून बसणे आता सोसत नाही, म्हणून वेगळा मॉनिटर घ्यायचे ठरवले आहे. माझे वय ५२ असून प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा आहे. खर्चाची तयारी बेताचीच आहे. २४ इंची आणि २७ इंची मॉनिटरच्या किमतीत फारसा फरक दिसला नाही, तेव्हा मोठाच घ्या असे सगळे सुचवतात. खोक्यावर मात्र आयपीएस, व्हीए, १ मिलिसेकंद, एचडीआर, डोळ्यांची काळजी असे कितीतरी लिहिलेले असते. यातले काय पाहावे आणि काय सोडून द्यावे?

उत्तर : किमती जवळपास सारख्या का आहेत, हे आधी पाहू. या दोन्ही मॉनिटरांचे रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, बहुधा एकच असते, १९२० गुणिले १०८०, म्हणजे फुल एचडी. ठिपके तितकेच, २७ इंचीत ते मोठ्या काचेवर पसरलेले असतात, इतकेच. २४ इंचीवर इंचाला साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर ८२, आणि तुमच्या लॅपटॉपचा पडदा फुल एचडी असेल तर त्यावर ते १४० च्या आसपास असतात. त्यामुळे लॅपटॉपवरून उठून थेट फुल एचडी २७ इंचीसमोर बसलात तर पहिल्याच दिवशी अक्षरांच्या कडा खरखरीत वाटतील. शिवाय पडद्यावर एक ओळही जास्त मावणार नाही, आहे तोच मजकूर मोठा दिसेल. मॉनिटर हातभरापेक्षा बराच लांब ठेवण्याइतके खोल टेबल ज्यांच्याकडे आहे, त्यांना हा सौदा परवडेल. इतरांनी २४ इंची घ्यावा.

तुमच्या कामाला मात्र इंचांपेक्षा ठिपक्यांची अधिक गरज आहे, आणि त्याचे कारण देवनागरीच्या घडणीत आहे. वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय, हे सगळे एकाच ओळीच्या उंचीत बसवावे लागते. बारा पॉइंटाचा टंक पडद्यावर नेहमीच्या १०० टक्के प्रमाणात पाहिला तर त्याच्या वाट्याला उंचीत सुमारे १६ ठिपके येतात. त्यात ‘सर्वांत’ हा शब्द लिहून पाहा. रफार आणि अनुस्वार एकाच कान्याच्या डोक्यावर शेजारी शेजारी येतात आणि एकमेकांत मिसळतात. लेखकाने ‘सर्वात’ लिहिले आहे की ‘सर्वांत’, हे ओळखण्यासाठी पुढे वाकावे लागते. मग आपण मजकूर दीडपट मोठा करतो, आणि तसे केले की पानाचा खालचा भाग पडद्याबाहेर जातो. म्हणून थोडी जास्त रक्कम घालणे शक्य असेल तर २५६० गुणिले १४४० रिझोल्यूशनचा २७ इंची मॉनिटर पाहावा. त्यावर इंचाला १०९ ठिपके असतात आणि एकूण ठिपके फुल एचडीच्या पावणेदोन पटींहून किंचित अधिक भरतात. जास्तीचा पैसा घालायचाच असेल तर तो येथे घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेवढी तयारी नसेल तर २४ इंची फुल एचडी घेऊन मजकूर मोठा करून वाचावा. त्यातही काम उत्तम होते.

पॅनेलच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या काचेच्या प्रकाराबाबत फार खोलात जाण्याची गरज नाही. आयपीएस पॅनेलवर बाजूने किंवा वरून पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत, आणि मजकुराच्या कामाला तेच घ्यावे. व्हीए पॅनेलचा काळा रंग अधिक गडद असतो, कारण त्याचा कॉन्ट्रास्ट ३००० ला १ च्या घरात असतो तर आयपीएसचा १००० ला १ च्या आसपास. अंधारात चित्रपट पाहणाऱ्याला तो आवडेल. जुन्या धाटणीचे टीएन पॅनेल खालून पाहिले की काळवंडते. ते टाळावे.

१ मिलिसेकंद हा ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ, आणि तो आकडा वेगवान खेळ खेळणाऱ्यांसाठी असतो, तुम्ही तो वाचूही नका. एचडीआर म्हणजे चित्रातला उजेड-अंधाराचा फरक अधिक ठळक दाखवण्याची पद्धत. तिची गंमत अशी की ज्या पडद्याचा उजेड जेमतेम २५० निट (निट हे उजेड मोजण्याचे एकक) आहे त्याच्या खोक्यावरही तो शब्द छापलेला आढळतो. तसा मॉनिटर एचडीआरचा संकेत स्वीकारतो, पण तो दाखवण्याइतका प्रकाश त्याच्याजवळ नसतो. व्हीईएसए या संस्थेच्या डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्राची सर्वांत खालची पायरीसुद्धा ४०० निटची आहे. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, ६० ऐवजी ७५ किंवा १०० हर्ट्झ मिळत असेल तर मजकूर सरकवताना डोळ्यांना बरे वाटते, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

‘डोळ्यांची काळजी’ या शब्दांखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. निळा प्रकाश कमी करण्याची सोय ही त्यांतली पहिली. पडद्यासमोर डोळे शिणतात ते मुख्यतः पापण्या कमी मिटल्याने आणि नजर एकाच अंतरावर खिळल्याने, त्यामुळे या सोयीला मी फारसे महत्त्व देत नाही. दुसरी गोष्ट लुकलुक नसण्याची, आणि ती खरोखर पाहण्यासारखी आहे. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवा फार वेगाने चालू-बंद करत राहतात. डोळ्यांना ते थेट दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. पडदा पांढरा करा, ब्राइटनेस अगदी खाली आणा आणि पडद्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी झपाट्याने हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे.

आता मानेविषयी. मॉनिटर जाड पुस्तकांवर ठेवून त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो साध्या चष्म्याला ठीक आहे, तुम्हाला नाही. प्रोग्रेसिव्ह भिंगात जवळचे दिसण्याचा भाग खाली असतो, त्यामुळे पडदा उंच असला की तुम्ही नकळत हनुवटी वर करून वाचाल आणि खाली घातलेल्या मानेऐवजी मागे झुकलेली मान दुखू लागेल. तुम्हाला पडदा थोडा खाली आणि किंचित मागे कललेला हवा. म्हणून उंची बदलणारा स्टँड तुमच्यासाठी चैन नव्हे. सगळ्यांत स्वस्त मॉनिटरांचा स्टँड नुसता कलतो, वर-खाली होत नाही, आणि कित्येकदा त्याची ठरलेली उंची तुमच्यासाठी जास्तच असते. तसा मॉनिटर घेणारच असाल तर मागे १०० मिलिमीटर अंतरावरची स्क्रूची चार छिद्रे आहेत ना ते पाहा, म्हणजे पुढे वेगळा आर्म लावता येईल. लॅपटॉपला निराळा कीबोर्ड जोडावा हे ओघाने आलेच.

प्रश्न : कार्यालयातून काढलेला जुना मॉनिटर अगदी कमी पैशांत मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर : घेण्यास हरकत नाही, कार्यालयीन मॉनिटरांना पुष्कळदा उंची बदलणारा चांगला स्टँड असतो, जो त्या किमतीच्या नव्या मॉनिटरला मिळत नाही. मात्र तो चालू करून अर्धा तास तसाच ठेवावा आणि मगच पाहावा. पांढऱ्या पडद्यावर कोपरे पिवळसर दिसत असतील, किंवा ब्राइटनेस शंभरावर नेऊनही दिवसा पडदा मळकट वाटत असेल, तर मागचा दिवा थकला आहे. त्याला नुसताच व्हीजीए पोर्ट असेल तर सोडून द्यावा, कारण त्या ॲनालॉग जोडणीत बारीक अक्षरे थोडी विरघळल्यासारखी दिसू शकतात आणि आजच्या लॅपटॉपला वेगळा ॲडाप्टर घ्यावा लागतो. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असूनही मजकूर पुसट दिसला तर लगेच नापास करू नका. संगणकात रिझोल्यूशन त्या पडद्याच्या मूळ आकड्यांवर आहे की नाही, ते आधी तपासा.