क्लासमधल्या गप्प झालेल्या मुलाबद्दल

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कोपरखैरण्याच्या क्लासमध्ये नववी-दहावीची बॅच तुझ्या हाती आली, म्हणून हे पत्र: नैराश्यात गेलेलं मूल ओळखायचं कसं आणि मग करायचं काय.

रडवेले चेहरे शोधत बसू नकोस. या वयात नैराश्य बरेचदा चिडचिडीतून बाहेर येतं. साध्या प्रश्नावर अंगावर येणं, वही न काढणं, डोकं-पोट दुखतंय म्हणून दांड्या मारणं, झोप उडणं किंवा दिवसभर झोपच न सरणं. चाचणीत कमी मार्क पडले म्हणून दोन दिवस तोंड पाडून बसणं निराळं. हे जवळपास रोज, दोन आठवडे चाललं असेल, तर वाट बघू नकोस, त्याच्याशी बोल. फुटबॉलसाठी क्लास बुडवणाऱ्या पोराने फुटबॉलच सोडला, ही खूण मार्कांपेक्षा मोठी.

बोलायचं ते सगळे गेल्यावर, दार उघडं ठेवून. ‘काय झालंय?’ विचारलंस तर ‘काही नाही’ एवढंच मिळेल. दिसलं ते सांग: ‘हल्ली डबा तसाच परत नेतोस. झोप लागते का?’ आणि मग गप्प बस. ती शांतता सोसत नाही, म्हणून लोक उपदेश सुरू करतात आणि मूल पुन्हा मिटतं.

‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द आधी देऊ नकोस. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे मात्र सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. आईबाबांना बोलावून त्यांच्या ताब्यात द्यायचं, घरातली औषधं कुलुपात ठेवायला सांगायचं आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

मनोविकारतज्ज्ञाचं नाव काढलं की पालक बिचकतील. ‘ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तिथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं. त्यांना सांग, डॉक्टर आधी ऐकून घेतील, बहुधा हिमोग्लोबिन, थायरॉइडही तपासतील. समुपदेशनानेही पुष्कळ मुलं सावरतात. गोळ्या दिल्याच तर गुण दिसायला चार ते सहा आठवडे जातात. ‘फरक नाही’ म्हणून दहाव्या दिवशी त्या मनाने बंद करणं ही नेहमीची चूक. सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी किंवा जीव देण्याचे विचार वाढले, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

तो क्लासला परतला की बुडालेला पोर्शन एकदम मागू नकोस. पहिल्या आठवड्यात एकच धडा पुरे.